जुन्या इंग्लिश क्रीमवेअरच्या प्रतिकृती घरासाठी: पारख, वापर आणि निगा (एका मंचावरची चर्चा)

दर्शनी

जुन्या इंग्लिश क्रीमवेअरच्या, म्हणजे सायीच्या रंगाच्या त्या हलक्या मातीच्या भांड्यांच्या, प्रतिकृती घरासाठी घ्यायच्या आहेत. यादी अशी: जाळीच्या काठाच्या सहा ताटल्या, खालच्या ताटलीसकट एक जाळीची टोपली, पिळाच्या कानाची एक किटली आणि एक जग. अस्सल अठराव्या शतकातलं काही नको. प्रतिकृतीच हव्यात, पण चांगल्या हव्यात. चार गोष्टी कळत नाहीयेत.

१. सारख्या दिसणाऱ्या दोन ताटल्यांच्या वजनात बराच फरक असतो. कुठली चांगली समजायची?

२. एका टोपलीच्या बुडावर 'लीड्स पॉटरी' असा दाबून उमटवलेला ठसा आहे आणि झिलईत (वरच्या काचेसारख्या थरात) सगळीकडे केसासारख्या चिरा आहेत. विकणारा ती दोनशे वर्षांपूर्वीची सांगतो, किंमतही तशीच. विश्वास ठेवावा का?

३. या भांड्यांत जेवता येतं का? शिशाचं काय?

४. ताटल्या भिंतीवर टांगल्या तर जाळीला धोका आहे का?

खापरखूण

ठशापासून सुरुवात करतो, कारण पैसे सगळ्यात जास्त तिथेच बुडतात.

इंग्लंडमधल्या लीड्सच्या हन्स्लेट भागातला मूळ कारखाना १७७०च्या सुमारास सुरू झाला. हार्टली, ग्रीन्स अँड कंपनी ती हीच. जाळीकामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. १७८३ मध्ये त्यांनी आपल्या आकारांचं चित्रांसकट नमुनापुस्तक काढलं. पण त्यांचा बराचसा माल बिनठशाचा बाहेर पडला. हा कारखाना बंद पडल्यानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, लीड्समध्येच सीनियर घराण्याने तेच जुने आकार पुन्हा करायला घेतले आणि स्ली नावाच्या व्यापाऱ्याने ते विकले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे काम चालू होतं. या मालावर 'लीड्स पॉटरी' हा ठसा ठळक, सरळ आणि पूर्ण उमटलेला सापडतो. त्यामुळे जाणकार मंडळी इथे उलटा विचार करतात: जाळीच्या टोपलीवर सुबक ठसा आणि अंगभर बारीक चिरा एकत्र दिसल्या की पहिला अंदाज सीनियरांचा, मूळ कारखान्याचा नाही.

तुमच्या टोपलीचं वर्णन तंतोतंत तसंच आहे. फोटो न बघता निकाल देणार नाही, पण दोनशे वर्षांची किंमत मुळीच देऊ नका. सीनियरांचा माल वाईट नाही हेही सांगतो. हाताने पाडलेली जाळी, चांगले आकार, आणि आता त्यालाही शंभरेक वर्षं झाली. त्याचे वेगळे संग्राहक आहेत. जे आहे ते नाव लावून मिळत असेल तर जरूर घ्या.

ठसा बाजूला ठेवून भांडं कसं वाचायचं ते आता.

वजन. अस्सल क्रीमवेअर हातात घेतल्यावर आश्चर्य वाटावं इतकं हलकं असतं. इंग्लंडबाहेर युरोपभर ते खपलं त्यात या हलकेपणाचा मोठा वाटा आहे, कारण तेव्हाची कथिलाच्या पांढऱ्या झिलईची भांडी जाड असायची आणि त्यांचे काठ सहज टवके उडून जायचे. प्रतिकृती जड निघाली तर साचा, चिखल किंवा घाई यांपैकी कुठेतरी तडजोड झाली आहे असं समजा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच सोपं आहे: हलकी घ्या. मात्र टिचकी मारून बघा. आवाज खणखणीत आला पाहिजे. भद्द आवाज आला तर तडा आहे किंवा कच्ची भाजणी.

बुडाच्या कडेतला साचलेला रंग. भांडं उलटं करा आणि बुडाची उभी कड जिथे अंगाला मिळते त्या कोपऱ्यात बघा. शिशाची झिलई तिथे साचते. जुन्या क्रीमवेअरमध्ये ती पिवळट किंवा पिवळट-हिरवी दिसते. निळसर दिसली तर ते क्रीमवेअर नाही, पर्लवेअर आहे, म्हणजे झिलईत किंचित कोबाल्ट घालून पिवळेपणा मारलेला माल. स्टॅफर्डशरचा नामांकित कुंभार जोसाया वेजवुड याने तो १७७९ मध्ये 'पर्ल व्हाइट' नावाने आणला. साचलेल्या जागी आणि काठावर रंग अगदी एकसारखा, सपाट असेल तर झिलई नव्या पद्धतीची, शिशाशिवाय, रंगद्रव्य मिसळून केलेली आहे. प्रतिकृतीत तो दोष मानायचं कारण नाही, पण त्याला जुनं म्हणून विकलं जात असेल तर तिथेच थांबा.

रंगाची खोली. फिकट म्हणजे नवं आणि गडद म्हणजे जुनं असा सरधोपट नियम लावू नका. १७४०–५०च्या दशकांतला माल गडद लोण्यासारखा पिवळा होता. वेजवुडने तो हळूहळू उजळवला. १७६५ मध्ये शार्लट राणीने त्याच्याकडून चहाचा संच करून घेतला आणि त्यानंतर त्याने या मालाला 'क्वीन्स वेअर' हे नाव दिलं. पुढे कॉर्नवॉलची पांढरी माती मिळू लागल्यावर रंग आणखी फिकट झाला. किटल्यांच्या प्रतिकृती सहसा गडद छटेत करतात, ताटल्या-टोपल्यांच्या फिकट. दोन्ही बरोबर आहेत, फक्त एकाच फळीवर मांडताना त्या एकमेकींशी भांडतात. एकाच छटेचा संच घ्यावा असं माझं ठाम मत आहे.

जाळीची छिद्रं. मूळ कामात प्रत्येक छिद्र हाताने, वेगळ्या पंचाने, ओलसर मातीत पाडलेलं असतं. ओळीत कुठेतरी केसभर तिरपेपणा दिसतो आणि छिद्राची कड धारदार, सरळ कापलेली असते. साच्यातूनच छिद्रं आलेल्या स्वस्त मालात कडा गोलसर असतात आणि भोक एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद असतं. उजेडासमोर धरा, लगेच कळतं.

झिजेच्या खुणा. खऱ्या वापराचे सुरीचे ओरखडे सगळ्या दिशांनी आणि मधल्या भागात जास्त असतात. बुडाची कड जिथे टेकते तिथेच झिजते. सगळीकडे सारखा मळकटपणा आणि बुडावर एकाच दिशेचे ओरखडे असले तर ते मुद्दाम केलेले.

देशाचं नाव हाही पुरावा आहे. अमेरिकेच्या १८९०च्या आयात कायद्यामुळे १८९१पासून तिकडे जाणाऱ्या मालावर 'इंग्लंड' लिहावं लागू लागलं, आणि 'मेड इन इंग्लंड' हे सर्रास विसाव्या शतकातलं. पण देशाचं नाव नाही म्हणजे जुनं असं मात्र नाही.

वेजवुडच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवा. त्यांनी क्रीम रंगाचा माल विसाव्या शतकातही करत ठेवला, त्यामुळे त्या काळातली क्वीन्स वेअरची ताटली ही काटेकोरपणे प्रतिकृती नव्हे, त्याच घराची पुढची पिढी आहे. आणि नाव नीट वाचा: 'वेजवुड अँड कंपनी' हा वेगळ्या कारखान्यांचा ठसा आहे, आणि इंग्रजी नावाच्या मधोमध जादा 'ई' असलेला ठसा स्टॉकटनच्या विल्यम स्मिथच्या कारखान्याचा. त्यावरून वेजवुडने १८४८ मध्ये कोर्टाचा मनाई हुकूम मिळवला होता.

चाक_आणि_भट्टी

वरचं सगळं पटलं. मी बनवण्याच्या अंगाने सांगतो, कारण चांगली प्रतिकृती आणि नुसती नक्कल यांत फरक का पडतो ते त्याशिवाय कळत नाही.

सगळ्यात मोठी गोम आकसण्याची आहे. ही माती सुकताना आणि भाजताना मिळून साधारण ८ टक्के आकसते. कोणी मूळ २५० मिमीच्या ताटलीवरच प्लास्टरचा साचा घेतला, तर त्यातून निघालेली ताटली भाजून झाल्यावर २३० मिमी भरते. शिवाय जुन्या झिलईच्या थराने आधीच बुजलेलं नक्षीकाम साच्यात आणखी बोथट येतं आणि त्यावर नवी झिलई चढली की पानांच्या शिरा, काठावरचे मणी सगळं गुळगुळीत होतं. प्रामाणिक काम करणारा मूळ नमुना नव्याने कोरतो, तोही २७२ मिमीचा, म्हणजे आकसून २५०वर येतो. म्हणून वस्तुसंग्रहालयाच्या यादीतलं माप आणि प्रतिकृतीचं माप ताडून बघा. साताठ टक्क्यांनी लहान भरली की साचा कुठून आलाय ते समजलं.

माती: इंग्लिश पांढऱ्या मातीच्या भांड्यांचं रूढ प्रमाण साधारण असं आहे. बॉल क्ले २५, चायना क्ले (कॉर्नवॉलची पांढरी माती) २५, भाजून दळलेली गारगोटी ३५ आणि कॉर्निश स्टोन (भाजताना वितळून माती बांधणारा दगड) १५. बॉल क्ले डेव्हन-डॉर्सेटकडची. तिने माती लवचीक होते आणि तिच्यातल्या थोड्याशा लोखंडामुळे सायीची छटा येते. गारगोटी रंग उजळवते, पण तिचं मुख्य काम दुसरंच आहे. भाजणीत तिच्यातला काही भाग क्रिस्टोबलाइटमध्ये, म्हणजे सिलिकाच्या एका वेगळ्या स्फटिकरूपात, बदलतो. भट्टी थंड होताना २२५ अंश सेल्सियसच्या आसपास तो एकदम आकसतो, अंगाबरोबर वरची झिलई दाबाखाली येते, आणि दाबाखालची झिलई चिरत नाही. क्रीमवेअरला चिरा पडतात त्या बहुतेक वेळा इथे कमी पडल्यामुळे: गारगोटी कमी किंवा पहिली भाजणी थंड.

भाजणी दोनदा. पहिली, झिलई चढवण्याआधीची, म्हणजे बिस्किट, ११०० ते ११५० अंशांवर आणि दुसरी, झिलईची, १०५० ते १०८०वर. पहिली गरम आणि दुसरी थंड हा क्रम कलेच्या दुकानांतून मिळणाऱ्या साध्या मातीच्या रिवाजाच्या उलट आहे. घरगुती स्टुडिओत बऱ्याचदा बिस्किट १००० अंशांवरच उरकतात. भांडं बाहेर येतं तेव्हा सुंदर दिसतं. नंतर सच्छिद्र अंग हवेतली ओल शोषून किंचित फुगतं, काही महिन्यांनी झिलईला ताण पडतो आणि ती आपोआप चिरते. विकत घेताना निर्मात्याला एवढंच विचारा: बिस्किट किती अंशांवर भाजता? उत्तर टाळलं तर ताटल्या जेवायला घेऊ नका.

जाळी पाडण्याची वेळ नेमकी साधावी लागते. माती घट्ट चीजसारखी कापली गेली पाहिजे. ओली असेल तर पंच ओढताना कड फाटून मागच्या बाजूला ओठ निघतो. जास्त सुकली तर छिद्राच्या कोपऱ्यातून बारीक तडा सुटतो, जो बिस्किटात दिसतही नाही आणि झिलईच्या भाजणीत उघडतो. चौकटी किंवा बदामाच्या आकारात टोकदार कोपरा हीच कमजोर जागा. दोन छिद्रांमधली पट्टी २ मिमीहून बारीक करू नये. पंच किंचित तेलात बुडवून घ्यायचा, सरळ दाबायचा, फिरवायचा नाही.

झिलई देताना दुसरी अडचण. छिद्रात पातळ पडदा धरतो. भांडं बुडवून बाहेर काढताच, ओलं असतानाच, प्रत्येक ओळीवरून फुंकर मारावी लागते. घट्ट झिलईत हे जमत नाही. लिटरला १४०० ते १४५० ग्रॅम भरेल इतकी पातळ ठेवावी. छिद्रातली माती-धूळ आधी ओल्या स्पंजने पुसली नाही तर झिलई तिथून मागे सरकते आणि कोरडी कड उघडी राहते. तुम्ही टोपली बघाल तेव्हा नखाने दहा-बारा छिद्रांच्या कडा चाचपा. खरखरीत लागली तर काम घाईचं आहे.

पिळाच्या कानाबद्दलही सांगतो, कारण किटली त्यावरच उचलायची आहे. मूळ पद्धतीत साच्याच्या भोकातून दाबून काढलेल्या दोन पट्ट्या एकमेकींत अडकवून कान करतात आणि जोडाच्या चारही टोकांवर फुलं-पानं चिकटवतात. ती शोभेची आहेतच, पण जोड झाकण्याचं आणि तो जाड करण्याचं कामही करतात. कान आणि अंग सारखंच ओलं असताना जोडलं पाहिजे. कान जास्त सुकलेला असेल तर अंग आकसत राहतं, कान आकसत नाही आणि फुलाच्या मागे तडा जातो. किटली रिकामी असताना वरून आणि खालून दोन्ही जोडांवर बोट दाबून बघा आणि फुलाच्या पाठीमागे चष्म्याने नीट पाहा. ओतकामात, म्हणजे पातळ माती साच्यात ओतून केलेल्या कामात, कान अंगासकट एकाच साच्यातून आला असेल तर पिळाच्या दोन पट्ट्यांमध्ये पोकळी दिसणार नाही, नुसती खाच दिसेल. तसलं घेऊ नका.

किटलीच्या तोटीमागची गाळणीची भोकंही मोजून बघा. तीन-चारच मोठी भोकं असतील तर पानं तोटीत जातात. सात ते नऊ बारीक भोकं असली की धार चांगली पडते.

दर्शनी

दोघांचेही आभार. ताटल्या ऑनलाइन बघतेय, हातात घेता येणार नाहीत. मग विकणाऱ्याकडून नेमकं काय मागू? आणि बिस्किटाचं तापमान त्यालाच ठाऊक नसेल तर?

खापरखूण

पाच फोटो मागा. बूड सरळ वरून. बुडाच्या कडेचा कोपरा जवळून, दिवसाच्या उजेडात. जाळीची एक ओळ पाठीमागून. भांडं खिडकीसमोर धरलेलं. आणि कानाचा जोड. शिवाय काठापासून काठापर्यंतचा व्यास मिलिमीटरमध्ये आणि वजन ग्रॅममध्ये. सहा ताटल्या असतील तर सहांची वजनं वेगवेगळी मागा. एकाच घाण्यातल्या ताटल्यांच्या वजनात मोठा फरक नसतो. सहांपैकी एखादी फारच जड निघाली तर संच जुळवलेला आहे.

ताडून बघायला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाची ऑनलाइन यादी उत्तम, मापं दिलेली असतात. लीड्सच्या मालासाठी टेंपल न्यूसम हाउसचा संग्रह, स्टॅफर्डशरसाठी स्टोक-ऑन-ट्रेंटच्या हॅनलीमधलं पॉटरीज म्युझियम, वेजवुडसाठी बार्लस्टनचा संग्रह.

वर्णनातले शब्दही वाचा. 'लीड्स' आणि 'लीड्स-टाइप' हे एक नव्हेत. दुसऱ्याचा अर्थ त्या धाटणीचं, कारखाना निश्चित नाही. आणि हे बऱ्याचदा प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं, कारण अठराव्या शतकातही तेच आकार यॉर्कशर, स्टॅफर्डशर, डर्बीशर सगळीकडे निघत होते.

चाक_आणि_भट्टी

तापमान माहीत नसेल तर शाईची चाचणी. ताटली आली की धुऊन कोरडी करा, काठाच्या मागच्या बाजूला पाण्यात विरघळणारी शाई बोटाने चोळा, मिनिटभराने ओल्या कापडाने पुसा. चिरा असतील तर जाळं उमटतं, नसतील तर काहीच राहत नाही. तीन-चार महिन्यांनी त्याच जागी पुन्हा करा, कारण उशिरा येणाऱ्या चिरा तेव्हा सापडतात. चाचणी मागच्या बाजूलाच करा. चिरेत गेलेली शाई पूर्ण निघेलच असं नाही.

प्रयोगवही

शिशाबद्दल. अठराव्या शतकातलं सगळं क्रीमवेअर शिशाच्या झिलईचं आहे, सीनियरांचा मालही. त्या भांड्यांत जेवू नये, आंबट तर नाहीच. शोभेला ठेवा, सुका मेवा सालासकट ठेवा, फळं ठेवा.

आजची प्रतिकृती वापरायची असेल तर 'शिसेरहित' या शब्दापेक्षा चाचणीचा आकडा महत्त्वाचा. पद्धत ठरलेली आहे: भांड्यात ४ टक्के ॲसिटिक ॲसिडचं पाणी भरायचं, २२ अंशांना (दोन अंश इकडेतिकडे) अंधारात २४ तास ठेवायचं आणि त्यात उतरलेलं शिसं व कॅडमियम (रंगांतून येणारा दुसरा विषारी धातू) मोजायचं. युरोपच्या १९८४च्या निर्देशातल्या मर्यादा अशा: सपाट किंवा २५ मिमीपर्यंत खोलीच्या भांड्यांना शिसं प्रति चौरस डेसिमीटर ०.८ मिग्रॅ, त्याहून खोलगट भांड्यांना प्रति लिटर ४.० मिग्रॅ, शिजवण्याच्या आणि ३ लिटरहून मोठ्या साठवणीच्या भांड्यांना १.५ मिग्रॅ. कॅडमियमच्या मर्यादा त्याच क्रमाने ०.०७, ०.३ आणि ०.१. अमेरिकेत कप आणि जग यांना शिशाची मर्यादा प्रति लिटर ०.५ मिग्रॅ आहे, म्हणजे बरीच कडक. किटली आणि जग घेताना मी हा अमेरिकेचाच आकडा धरीन, कारण चहा गरम असतो आणि जगात सरबतासारखं आंबट राहतं.

रंगकाम असेल तर दोन सूचना. झिलईच्या वरून रंगवलेली तांबडी, केशरी, पिवळी फुलं ही कॅडमियमची संभाव्य जागा. ती जेवणाच्या पृष्ठभागावर नकोत, बाहेरच्या अंगावर चालतील. आणि सुरुवातीच्या क्रीमवेअरवर तांब्याच्या हिरव्या रंगाचे ओघळ सोडलेले असत, त्याच्या प्रतिकृतीही निघतात. शिशाच्या झिलईत तांबं मिसळलं की शिसं सुटण्याचं प्रमाण वाढतं. असं भांडं शिसेरहित झिलईचं आहे याचा लेखी पुरावा नसेल तर ते फक्त मांडणीचं.

दुकानात मिळणाऱ्या रंग बदलणाऱ्या कांड्यांवर भिस्त ठेवू नका. त्या पृष्ठभागावर मोकळं शिसं आहे का एवढंच दाखवतात, आंबट पदार्थात दिवसभरात किती उतरेल ते नाही. तांबडी झाली तर भांडं वापरातून काढा. नाही झाली तर भांडं सुरक्षित ठरलं असं समजू नका.

शिसेरहित झिलई दिसायला किंचित वेगळी असते, हे मान्य करून चालावं. शिशाच्या काचेत प्रकाश जास्त वाकतो, म्हणून जुन्या भांड्याची चकाकी ओली आणि खोल वाटते. शिशाऐवजी बोरॅक्स घातलेल्या झिलईची चकाकी थोडी कोरडी असते. रोज वापरायच्या ताटलीत तेवढं सोडून द्यावं.

फडताळ

चिरा पडलेली पण शिसेरहित असलेली ताटली कोरड्या पदार्थांना चालेल ना? बिस्किटं, पाव वगैरे?

प्रयोगवही

कोरड्याला चालेल. ओलं, तेलकट किंवा रंगीत काही नको. चिरेतून तेल अंगात शिरतं, आतच खवट होतं आणि धुऊन निघत नाही. मायक्रोवेव्हमध्ये तर चिरलेलं क्रीमवेअर कधीच नाही: अंगात मुरलेलं पाणी तापून भांडं अन्नापेक्षा गरम होतं आणि तडकू शकतं. ओव्हन आणि थेट आच कुठल्याही क्रीमवेअरला वर्ज्य. क्रिस्टोबलाइट झिलईला दाबात ठेवतो हे वर आलंच आहे, पण २२५ अंशांच्या आसपास त्याचं आकारमान झटकन बदलतं आणि ओव्हनचा पल्ला नेमका तिथपर्यंत जातो. किटलीत उकळतं पाणी ओतण्याआधी कोमट पाण्याने ती विसळून घ्या.

दर्शनी

टोपली सीनियरांचीच असावी असं आता वाटतंय. योग्य किंमत मिळाली तर घेईन. पण तिच्या तळाला चहासारखे तपकिरी डाग आहेत. निघतील का?

फडताळ

निघतात, पण घाई केली तर भांडं जातं. आधी हे बघा: वरून केलेलं रंगकाम, सोन्याची रेघ किंवा जुनी दुरुस्ती आहे का? असेल तर भिजवू नका. दुरुस्ती ओळखायला अंधारात अतिनील टॉर्च मारा. नंतर लावलेला रंग किंवा लाख आजूबाजूच्या झिलईपेक्षा वेगळी चमकते.

काही नसेल तर पुढची कृती:

टोपली एक दिवस ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून ठेवा. अंग पाण्याने भरलं की डाग सुटून आणखी आत जात नाही. मग ३ टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कापूस भिजवून डागावर ठेवा, वर प्लास्टिकची फिल्म लावा म्हणजे वाळणार नाही. रोज कापूस बदला. काही डाग दोन दिवसांत जातात, काहींना दोन आठवडे लागतात. ३ टक्क्यांनी हलत नसेल तर ६ टक्के घ्या, त्याहून तीव्र नको. हातमोजे वापरा. डाग फिकट झाला की पुन्हा ऊर्ध्वपातित पाण्यात, पाणी तीनदा बदलून. मग सावलीत, जाळीवर उपडी ठेवून आठवडाभर सुकवा. लवकर सुकावी म्हणून उन्हात किंवा ओव्हनमध्ये ठेवू नका.

कपड्यांचं क्लोरीनवालं ब्लीच अजिबात नाही. त्याने डाग दोन तासांत जातो म्हणून लोक वापरतात. पण त्यातलं मीठ चिरांतून अंगात जातं, तिथे सुकून त्याचे स्फटिक वाढतात आणि ते झिलई आतून ढकलून पापुद्रे सोडवतात. महिन्यांनी पांढरी भुकटी दिसायला लागते, तोवर उशीर झालेला असतो.

नेहमीच्या धुण्यालाही डिशवॉशर नको. कोमट पाणी, सौम्य साबण, सिंकच्या तळाशी जाड टॉवेल. जाळीत अडकलेली धूळ मऊ रंगब्रशने आधी कोरडीच झाडा, नाहीतर तिचा चिखल छिद्रांच्या कोपऱ्यांत बसतो. शिशाची झिलई मऊ असते, त्यामुळे काट्याचमच्यांच्या करड्या रेघा उमटतात. त्या घासू नका. घासण्याने चकाकीच जाते.

आता टांगणं. जाळीच्या काठावर भार येईल अशी तारेची स्प्रिंग कधीच लावू नका. स्प्रिंगचे आकडे काठाला आत ओढतात, आणि काठ म्हणजे दोन-दोन मिलिमीटरच्या पट्ट्याच. एखादी पट्टी तुटली की शेजारच्यांवर ताण वाढतो. पाठीला चिकटणारी चकती त्यापेक्षा बरी, पण फक्त चिरा नसलेल्या नव्या ताटलीला. ताटलीचा व्यास २५० मिमी असेल तर चकती १०० मिमीची तरी हवी, पाठ आधी स्पिरिटने पुसावी आणि चिकटवल्यावर २४ तास थांबून, गादीवर धरून, दुप्पट वजन लावून बघावं. सीनियरांच्या किंवा चिरा पडलेल्या कुठल्याही भांड्याला चकती नको, काढताना झिलईचा तुकडाच सोबत येतो.

सगळ्यांत सुरक्षित म्हणजे खाच असलेली फळी. खाच ८ ते १० मिमी खोल, भिंतीपासून ६०–७० मिमीवर, आणि पुढे एक बारीक आडवी दांडी. ताटली उभी राहते ती काठाच्या खालच्या टोकावर, म्हणून खाचेत फेल्टची पट्टी चिकटवा. एकावर एक रचायच्याच असतील तर मधे फेल्टच्या चकत्या, आणि जाळीच्या ताटल्या चारहून जास्त नकोत.

चाक_आणि_भट्टी

एक भर. जगात फुलं ठेवणार असाल तर आत काचेचा ग्लास बसवा आणि पाणी त्यात भरा. बुडाची कड जिथे टेकते तिथली झिलई बऱ्याचदा पुसलेली असते, अंगात मुरलेलं पाणी तिथून बाहेर झिरपतं आणि लाकडावर पांढरं वर्तुळ उमटतं. आतून चिरा दिसत नसल्या तरी हे होऊ शकतं. पाच तोंडांची पंख्यासारखी फुलदाणी बघितली असेल, लीड्सचा तो नामी आकार, तिची प्रतिकृती घेणार असाल तर तोंडाच्या आतला व्यास आधी मोजा. २० मिमीहून अरुंद तोंडात काचेची नळीच बसते, ग्लास बसत नाही, आणि ती प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते.